पऱ्ह्याला मूळ फुटलं आहे का?

रविवारची उपासना संपते. माणसं चपला शोधतात, एकमेकांना सलाम करतात, आणि कुणीतरी एक जण मागे रेंगाळतो. बाकीचे फाटकाबाहेर गेले की तो जवळ येतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, “भाऊ, बाप्तिस्मा घेऊन सहा वर्षं झाली. पण ते सुटूनच नाही राहिलं. माझं तारण गेलं का?”

‘ते’ म्हणजे काय, हे तो सांगत नाही. कधी मोहाची दारू असते, कधी रात्री मोबाइलवर पाहिलेलं काही, कधी दुसऱ्याच्या घरातली बाई, कधी बायकोवर उगारलेला हात. चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावी, सावली-सिंदेवाहीकडच्या लहान प्रार्थनासभांमध्ये हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर एकदा नीट लिहावं असं वाटलं. विचारायचीही ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी तर नक्कीच.

याच प्रश्नाचं दुसरं रूप चहाच्या टपरीवर ऐकू येतं. “एकदा तारण भेटलं म्हणजे भेटलं ना भाऊ? मग थोडंफार चालते.” शब्द जवळजवळ तेच. पण पहिला माणूस बुडताना हात मागतो आहे आणि दुसरा काठावर बसून परवाना मागतो आहे. पहिल्याला द्यायचा धीर दुसऱ्याला दिला तर तो आणखी खोलात जाईल. दुसऱ्याला द्यायचा इशारा पहिल्याला दिला तर त्याचा जीव खचेल. म्हणून पुढे वाचण्याआधी आपण या दोघांपैकी कोण आहोत, हे मनाशी प्रामाणिकपणे ठरवा.

विदर्भातल्या ख्रिस्ती माणसाची एक अडचण खरी आहे. एकाच एसटीच्या मार्गावर त्याला या प्रश्नाची तीन-चार उत्तरं मिळतात. 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. त्यांच्या परंपरेचा पाया म्हणजे वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा. स्कॉटलंडच्या चर्चने तो 1647 मध्ये स्वीकारला होता. देवाने ज्यांना खरोखर आपलं केलं ते कायमचे गळून पडत नाहीत, असं त्याचा 17वा अध्याय सांगतो. पण तेच विश्वासणारे काही काळ घोर पापात पडू शकतात आणि त्याचे घाव त्यांना व इतरांना सोसावे लागतात, हेही तोच अध्याय सांगतो. हा भाग मात्र सांगणारे बरेचदा गाळतात. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशन रुजलं, ते जॉन वेस्लीच्या वळणाचं. खरा विश्वासणाराही हट्टाने पापात राहिला तर विश्वास गमावू शकतो, आणि परतही येऊ शकतो, असं वेस्ली मानत. बल्लारपूरला केंद्र असलेला चांद्याचा कॅथलिक धर्मप्रांत 1977 पासूनचा आहे. तिथले फादर ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये मांडलेली शिकवण देतील: जाणूनबुजून केलेलं गंभीर पाप आत्म्यातलं कृपेचं जीवन मारतं, आणि पश्चात्तापाने, पापनिवेदनाच्या संस्कारातून ते पुन्हा मिळतं. शिवाय गावोगावच्या नव्या सभा आहेतच. काही केलं तरी तारण जात नाही, असं एका सभेत ऐकायला मिळतं आणि खर्रा खाल्ला तरी गेलं, असं दुसऱ्या सभेत.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा सहा चर्च एकत्र आली. त्यात हिस्लॉप यांच्या प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक होते आणि ब्रिटिश मेथडिस्टही होते. याच प्रश्नावर ज्यांच्या वाडवडिलांचं दोनशे वर्षं पटलं नव्हतं, ते एकाच मेजावर प्रभुभोजनाला बसले. मला या घटनेचं मोल फार वाटतं. पापात अडकलेल्या माणसाला आज काय सांगायचं, याबद्दल त्यांच्यात खरं तर भांडण नव्हतंच. आजच परत ये, हेच दोघं सांगणार. परत आलेल्याला प्रेस्बिटेरियन माणूस म्हणेल, तू त्याचाच होतास हे आता दिसलं. वेस्लीचा माणूस म्हणेल, तू दूर गेला होतास, घरी आलास. फादर पापनिवेदनाला बोलावतील. ‘तिथेच थांब, काही बिघडत नाही’ असं यातला एकही म्हणत नाही. म्हणून एका सभेतून दुसऱ्या सभेत सोयीचं उत्तर शोधत फिरणाऱ्याला माझी विनंती आहे की फिरणं थांबवा. जिथे आहात तिथल्या पाळकांशी एकदा मोकळेपणाने बोला.

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. योहानाच्या पहिल्या पत्राचा 3रा अध्याय वाचून कित्येकांच्या पोटात गोळा येतो, कारण देवापासून जन्मलेला पाप करीत नाही असा त्याचा सूर आहे. इथे आपली बोली मदतीला येते. पुस्तकी मराठीत ‘करतो’ म्हटलं की एकदा केलेलंही त्यात बसतं आणि रोजचंही. आपण विदर्भातले लोक मात्र ‘करून राहिला’ असं वेगळं म्हणतो. मूळ ग्रीक भाषेतलं क्रियापद या ‘करून राहिला’च्या जवळचं आहे, पापात मुक्काम ठोकून बसलेल्या माणसाबद्दल योहान तिथे बोलतो. केवळ क्रियापदाच्या रूपावर एवढा मोठा सिद्धान्त उभा करू नये, हे मला मान्य आहे. पण त्याच पत्राचा पहिला अध्याय हाच अर्थ पक्का करतो. आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो, पाप कबूल करणाऱ्याला क्षमा करायला देव विश्वासू आहे आणि पाप घडलंच तर पित्याजवळ आपली बाजू मांडणारा ख्रिस्त आहे, हे योहानानेच पहिल्या दोन अध्यायांत लिहून ठेवलं आहे. पडणं आणि पडून राहणं यांत तो फरक करतो.

परवाना मागणाऱ्याला पौलाने रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात उत्तर दिलं आहे. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, हा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो आणि तिथल्या तिथे झिडकारतो. बाप्तिस्म्यात जुना माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला गेला. पुरलेल्या माणसाचा संसार पुन्हा मांडायचा कसा, असा त्याचा रोख आहे. तारण कर्मांनी मिळत नाही, हे पौलाइतकं ठासून कुणी सांगितलं नाही, आणि म्हणूनच त्याचं हे झिडकारणं फार गांभीर्याने घेतलं पाहिजे.

मग आपण पडलेले आहोत की पडून राहिलेले, हे ओळखायचं कसं? आपल्याकडच्या माणसाला हे धानाच्या बांधीत उभं राहून समजतं. पऱ्हे उपटून चिखलात रोवले की पहिले काही दिवस ते पिवळे पडतात, मान टाकतात. धुऱ्यावरून पाहणाऱ्या नवख्याला वाटतं की पीक गेलं. त्याच बांधीत काही पऱ्हे नीट रोवलेच गेलेले नसतात. ते पाण्यावर तरंगतात, आणि दोन-चार दिवस तेही हिरवे दिसतात. जाणता शेतकरी वाकून हलकेच ओढून पाहतो. मूळ धरलेला पऱ्हा पिवळा असला तरी हाताला अडतो. तरंगणारा कितीही हिरवा असो, सहज हातात येतो.

पाप ओढतं तेव्हा तुमच्या आत काही अडतं का, एवढंच पाहायचं. केल्यानंतर झोप लागत नाही, प्रार्थनेला तोंड उघडत नाही, सुटायची तळमळ आहे, हे सगळं मूळ असल्याचं लक्षण आहे. रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात पौल जी ओढाताण सांगतो तीच ही, असं चर्चमधल्या अनेक जुन्या शिक्षकांनी मानलं आहे. याउलट वर्षानुवर्षं तेच पाप चालू आहे, आतून काही टोचत नाही, कुणी बोललं तर रागच येतो आणि तरीही दर रविवारी साक्ष द्यायला आपण पुढे असतो, असं असेल तर मी तुम्हाला तारणाची खात्री देऊ शकत नाही. शास्त्रही देत नाही. मत्तयाच्या 7व्या अध्यायात प्रभूच्या नावाने अद्भुत कामं केल्याचा दावा करणाऱ्यांना प्रभू आपण त्यांना ओळखत नसल्याचं सांगतो. तारण हरवलं का, हा तुमचा प्रश्नच नाही. आपण ख्रिस्ताला धरलंच होतं का, हे तुम्ही विचारायला हवं.

असं विचारण्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे झाला. पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म हाती लागला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता, आणि हे उमजायला आणखी आठ-एक वर्षं गेली. धर्मशास्त्रं कोळून प्यालेल्या विदुषीला हे म्हणायला संकोच वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

मागे रेंगाळणाऱ्या माणसाला मात्र आणखी एक गोष्ट सांगायची आहे. मूळ आहे का हे पाहायला पऱ्हा रोज उपटू नका. असा पऱ्हा मरतो. काही जण दर रात्री स्वतःचं मन खणत बसतात: माझा पश्चात्ताप खरा होता का, रडू पुरेसं आलं का. तारण तुमच्या पश्चात्तापाच्या वजनावर टांगलेलं नाही. ते ख्रिस्ताने वधस्तंभावर पूर्ण केलेल्या कामावर उभं आहे. योहानाच्या 10व्या अध्यायात मेंढरं मेंढपाळाच्या हातात आहेत, मेंढरांनी त्याला किती घट्ट धरलं आहे याची तिथे चर्चा नाही.

काहींना इब्री लोकांस पत्राचा 6वा आणि 10वा अध्याय रात्री झोपू देत नाही. ते इशारे खरे आहेत, त्यांना बोथट करू नये. पण ते छळाच्या दडपणाखाली ख्रिस्तालाच उघडपणे नाकारून मागे फिरायच्या बेतात असलेल्यांना लिहिले आहेत, आणि इशारा देऊन होताच लेखक म्हणतो की तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगली खात्री आहे. क्षमा न होणाऱ्या पापाचंही तसंच आहे. मत्तयाच्या 12व्या अध्यायात ते शब्द आत्म्याचं काम डोळ्यांसमोर दिसत असताना त्याला सैतानाचं म्हणणाऱ्यांना उद्देशून आहेत. आपल्या हातून ते पाप घडलं की काय या भीतीने जो थरथरतो, त्याचं मन तसं निबर झालेलं नाही. तरीही ही भीती महिनोन्महिने सुटत नसेल, जेवण-झोप उडाली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. उपचार घेणं हे विश्वास कमी असल्याचं चिन्ह नाही.

पाप तारण हिरावत नसेल तर मग त्याने बिघडतं काय? पुष्कळ बिघडतं. दावीदाकडे पाहा. 2 शमुवेलच्या 12व्या अध्यायात नाथान त्याला सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच भेटीत सांगतो की तुझ्या घरातून तलवार हलणार नाही. क्षमा खरी होती आणि परिणामही खरे होते: उरीया परत आला नाही, मूल गेलं, पुढे मुलगाच बापावर उठला. 51व्या स्तोत्रात दावीद तारणाचा हर्ष परत मागतो. तो हर्षच गेला होता. आपल्या मंडळीतही असे लोक आहेत ज्यांचं तारण गेलेलं नाही, पण हर्ष गेला आहे, घरच्यांचा भरवसा गेला आहे, आणि बापाला पाहून मुलं विश्वासापासून दूर गेली आहेत.

आता करायचं काय? पहिली गोष्ट, पापाला त्याचं नाव द्या. ‘अशक्तपणा’, ‘सैतानाची परीक्षा’ असले गोल शब्द बाजूला ठेवून, मी चोरी केली, मी मारलं, मी खोटं बोललो, असं देवापुढे म्हणा. मग एका माणसाला सांगा. याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात पापं एकमेकांपाशी कबूल करायला सांगितलं आहे. सगळ्या सभेपुढे सांगायची गरज नाही, आपल्या लहान गावांत ते पुष्कळदा घातकच ठरतं. तोंड बंद ठेवणारा, वयाने व विश्वासाने पोक्त असा एकच माणूस पाहा. बाईने बाईलाच सांगावं, हे बरं. ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या बायकोलाही सांगू नये.

नाव देताना आणखी एक तपासा. आपण दुसऱ्याच्या तोंडातला खर्रा मोजतो, कारण तो दिसतो. खर्रा वाईटच, तोंडाचा कर्करोग आपण घरोघरी पाहतो, तो सोडाच. पण रोवणीची मजुरी महिनाभर अडवून ठेवणारा विश्वासणारा स्वतःला ‘चालू पापात’ धरत नाही. त्याच याकोबाच्या 5व्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवापाशी ओरडते, हे त्याने वाचलेलं असतं. धुरा हातभर सरकवून भावाची जमीन दाबणं, भावाशी दहा वर्षं अबोला धरणं, हुंड्याला ‘भेट’ म्हणणं, सुनेला जात काढून बोलणं, हीसुद्धा करून राहिलेली पापं आहेत. दारू पिणारा निदान रडतो. या पापांवर रडणारा मी क्वचितच पाहिला.

जे घेतलं ते परत करा. जक्कयाने चौपट देण्याची तयारी दाखवली. तारण विकत घेण्यासाठी तो देत नव्हता, तारण घरी आलं म्हणून त्याचा हात सुटला. तुम्ही मजुरी चुकती करा, धुरा पूर्वीच्या खुणेवर न्या, मग साक्ष द्या.

दारूबद्दल थोडं जास्त लिहिणं भाग आहे. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, ती 2021 मध्ये उठली. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली, तिथे 1993 पासून बंदी आहे. बंदीचा फायदा बायाबापड्यांना माहीत आहे, मी त्या बाजूचा आहे. पण दुकान बंद असतानाही आपल्यातले काही पीत होते आणि उघडल्यावरही काही प्यायले नाहीत, हेही पाहिलं. ज्याला व्यसन जडलं आहे त्याच्याबाबत मंडळीने एक चूक टाळावी: उपासाला बसवून, हात ठेवून, ‘आजपासून थेंबही नाही’ असं वदवून घेऊन त्याला एकटं घरी पाठवू नये. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होतात, कधी जीवही जातो. प्रार्थना जरूर करा, आणि त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा मोफत नंबर आहे. तो पुन्हा प्यायला तर लगेच ‘ढोंगी’ म्हणू नका. व्यसनात पाप आहे आणि आजारही आहे.

घरात मार खाणाऱ्या बहिणीला मात्र ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ म्हणून परत पाठवणं हे मंडळीचं पाप आहे. क्षमा करणं वेगळं आणि मार खात राहणं वेगळं. तिला आधी सुरक्षित जागी न्या. 181 आणि 112 हे नंबर तिच्याजवळ असू द्या. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ख्रिस्ती घरालाही लागू आहे. नवऱ्याचा पश्चात्ताप खरा की खोटा, ते ती दूर राहिली तरी दिसेल.

पडल्यावर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का, असंही विचारतात. घेऊ नये. बाप्तिस्मा एकदाच, परत येणं कितीही वेळा. पेत्राने तीनदा नाकारलं. प्रभूने त्याला तळ्याकाठी तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि मेंढरं त्याच्या हाती दिली. प्रभुभोजनापासून स्वतःला वर्षभर दूर ठेवणंही योग्य नाही. स्वतःची परीक्षा करून घ्यावं, असं पौल सांगतो. आणि पाप सोडायचंच नाही असं ठरवून मेजापाशी येऊ नये.

मंडळीही काही देणं लागते. करिंथच्या मंडळीत एक जण उघड व्यभिचारात राहत होता. पौलाने त्याला बाहेर काढायला सांगितलं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात असंच शासन झालेल्या एकाबद्दल तो लिहितो की आता पुरे, क्षमा करा, नाहीतर तो दुःखाने बुडेल. आपल्याकडे काढायची घाई होते, घ्यायची होत नाही. ‘मागे गेला’ हा शिक्का एकदा बसला की माणूस सगळं सोडून परत आला तरी लोक त्याच्या शेजारी बसायला कचरतात. वडीलजनांनी त्याच्या शेजारी जाऊन बसावं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या माणसाला मी विचारलं, “ते म्हणजे काय?” बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “दारू. आणि दारू पिल्यावर घरात जे होते ते.” सोमवारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. त्याची बायको माहेरी होती. ती अजून आलेली नाही, आणि तिने घाई करावी असं आम्ही तिला म्हटलेलंही नाही. तेव्हापासून तो दोनदा पडला. दोन्ही वेळा त्याच रात्री त्याचा फोन आला.